तिथं गेलं की चायनीज आपोआप येईल का? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न विचारणारा मुलगा नाशिकचा आहे, वय 24, मेकॅनिकल झालंय, कंपनीत चायनीज मशिन्स आहेत, शनिवार-रविवारच्या क्लासमधून एचएसके या चीनच्या सरकारी चायनीज परीक्षेची तिसरी लेव्हल पास झालाय. आता समोर दोन पर्याय. एक, आठ आठवड्यांचा उन्हाळी इंटेन्सिव्ह कोर्स, जिथं पहिल्याच दिवशी 'इथून पुढं फक्त चायनीज बोलेन' अशा कागदावर सही करून घेतात. दुसरा, नोकरी सोडून वर्षभर बीजिंग नाहीतर तैपेईच्या युनिव्हर्सिटीत भाषेचा कोर्स. सगळे म्हणतात तिकडं जा, कानावर पडून पडून आपोआप येईल, ते खरं का? आणि शेवटी जाता जाता, मी व्हेज आहे, जमेल का?

मी पंधराएक वर्षं दुभाष्याचं काम करते, जास्त करून चाकण-रांजणगाव पट्ट्यात, तिकडून मशीन बसवायला इंजिनिअर येतात तेव्हा. अधूनमधून शिकवतेसुद्धा. मी दोन्ही केलंय, आधी आठ आठवड्यांचा सहीवाला कोर्स आणि दोन वर्षांनी वर्षभर बीजिंग, आणि दोन्हीकडं वेगवेगळ्या चुका केल्यात. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आपोआप काही येत नाही, हे आधी सांगून टाकते. पण मला वाटतं तुझा खरा प्रश्न आठ आठवडे की वर्ष हा नाहीच. जे काम नाशिकमध्ये घरी बसून जवळजवळ फुकटात होतं त्यासाठी तू तिकडं जाऊन युआन मोजणार आहेस का, हा आहे. तिकडचा प्रत्येक दिवस महाग असतो, फी, भाडं, बुडालेला पगार सगळं धरून, त्यामुळं तिकडं तेच करायचं जे इथं होऊच शकत नाही.

आधी तासांचा हिशोब बघ. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या अंदाजानं इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला चायनीजमध्ये नोकरीपुरतं नीट काम करायला 88 आठवडे, म्हणजे साधारण 2200 वर्गातले तास लागतात. आता तुझा वीकेंडचा क्लास, आठवड्याला चार तास, सुट्ट्या वगळता वर्षाला दोनशे तास झाले तर डोक्यावरून पाणी. आठ आठवड्यांचा कोर्स रोज चार तास धरला तर 160 तास. युनिव्हर्सिटीचं वर्ष, आठवड्याला वीस तास, दोन सेमिस्टर मिळून सातशेच्या आसपास. म्हणजे वर्षभर जाऊन आलास तरी नुसत्या वर्गाच्या जोरावर तू अर्ध्या वाटेवर पण नसतोस. उरलेले तास वर्गाबाहेर मिळवावे लागतात आणि सगळी गंमत तिथंच होते, कारण वर्गाबाहेर काय करायचं हे तिकडं कुणी सांगत नाही.

माझं सांगते. बीजिंगला गेले तेव्हा हॉस्टेलच्या त्याच मजल्यावर आपल्याकडची पाच-सहा पोरं-पोरी, दोन तर मराठीच. पहिल्या आठवड्यात सिमकार्ड, बँक, पोलिस रजिस्ट्रेशन सगळं त्यांनीच करून दिलं, किती बरं वाटलं सांगू. मग रोज संध्याकाळी एकत्र स्वयंपाक, रविवारी एकत्र फिरणं. त्यातून तो भाग म्हणजे वूदाओखोउ, सगळ्या युनिव्हर्सिट्या जवळजवळ, कॅफेत गेलं की काउंटरवरचा मुलगाच इंग्लिश सुरू करणार कारण त्याला प्रॅक्टिस हवी. सकाळी आठ ते बारा वर्ग, वीसेक जण वर्गात, त्यात माझ्या वाट्याला बोलायला मिळायची जेमतेम पाच-सात मिनिटं, बाकी वेळ कोरियन आणि रशियन मुलांचं चायनीज ऐकायचं. सेमिस्टर संपलं, परीक्षेत मार्क उत्तम, आणि जानेवारीच्या सुट्टीत ट्रेनमध्ये शेजारच्या आजोबांनी दोन वाक्यं विचारली तर माझं तोंडच उघडेना. मी राहत होते बीजिंगमध्ये पण जगत होते पुण्यातच, नुसती थंडी तिकडची.

दुसऱ्या सेमिस्टरला मी मजला बदलला. भांडून नाही, सांगून. आणि हॉस्टेलच्या साफसफाईच्या बाईंशी रोज अर्धा तास बोलायला लागले. अशा बाईंना तिकडं आयी म्हणतात, कानाला आपल्या आईसारखं लागतं पण अर्थ मावशी, आपण शाळेत-हॉस्पिटलात मावशी म्हणतो अगदी तसंच. त्या आयी हनान प्रांतातल्या, उच्चार पुस्तकातला नव्हता, पण त्यांना माझी चूक ऐकून घेण्याची सवय नव्हती, त्या लगेच 'काय?' म्हणायच्या. शिक्षक सवयीनं तुमचं तोडकंमोडकं समजून घेतात, ते तुमच्या चुका ऐकण्यात तरबेज झालेले असतात. आयींच्या 'काय?'नं माझं जेवढं सुधारलं तेवढं वर्गात नाही सुधारलं.

आता सहीवाला कोर्स. तिथं ग्रुप लहान, तीन-चार जणांचा, शिवाय रोज एका शिक्षकाबरोबर एकट्यानं तास. बीजिंगच्या छिंगह्वा युनिव्हर्सिटीत आयूपी नावाचा कोर्स आहे, तैपेईत नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीत आयसीएलपी, दोन्हींचं मूळ साठच्या दशकातल्या तैपेईतल्या एकाच केंद्रात आहे, त्यातला एक भाग 1997 ला बीजिंगला गेला. हे या प्रकारातले नावाजलेले, अर्थात फी पण तशीच, डॉलरात मोजायची. रोज सकाळी थिंगश्ये, म्हणजे शिक्षक बोलणार आणि आपण अक्षरं लिहायची, मग कालच्या धड्यातले वाक्प्रयोग वापरून न थांबता बोलायचं, चुकला स्वर (शब्द म्हणताना आवाज चढवायचा-उतरवायचा तो, त्यावर अर्थ बदलतो) की तिथंच थांबवणार, पुन्हा म्हणायला लावणार, दहा वेळा लागलं तर दहा वेळा. मला पहिले दहा दिवस रोज संध्याकाळी डोकं दुखायचं आणि आठ वाजता झोप यायची. वर एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, तुमचा स्वभावच हरवतो. मी घरात सगळ्यात बडबडी, तिथं पाच वर्षांच्या पोरीसारखं 'हे छान आहे, ते छान नाही' एवढंच बोलू शकत होते, जोक मारता येईना, भांडता येईना. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बाथरूममध्ये जाऊन रडले आणि आरशात बघून स्वतःशी मराठीत बोलले, तो नियमभंग धरायचा असेल तर धरा.

पण त्या कोर्सला माझी खरी चूक वेगळीच झाली, मी फार लवकर गेले. तेव्हा माझे चारशे-साडेचारशे शब्द होते आणि स्वर कच्चे. अर्धा वेळ मी जे शिकत होते ते पुण्यात शिकता आलं असतं. माझ्या ग्रुपमधला एक जण अगदी तोच कोर्स दीड हजार शब्द घेऊन करत होता, त्याला त्याच शिक्षकांकडून त्याच आठ आठवड्यांत दुप्पट मिळालं, कारण तो 'म्हणजे' आणि 'पण' लावून लांब वाक्य बोलायला जायचा आणि चुकायचा, मी छोटी वाक्यं बोलून सुटायचे. ज्याला चुकण्याइतकं बोलता येतं त्यालाच दुरुस्ती मिळते रे.

तर तुझी तिसरी लेव्हल, जुन्या सहा लेव्हलच्या पद्धतीत म्हणजे 600 शब्द. (2021 मध्ये नऊ लेव्हलचं नवं मानक आलंय, त्यात आकडे बरेच वेगळे आहेत, तेव्हा कुठलाही कोर्स 'एचएसके 4 हवी' म्हणाला तर जुनी की नवी ते विचारून घे.) माझ्या मते हे कमी आहे. वाईट नाही, पण जायला कमी. जुन्या चौथीचे 1200 शब्द इथं कर, सहा-आठ महिने लागतील नोकरी सांभाळून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उच्चार इथंच पक्के कर. उच्चार हे काम घरी, फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत, एखाद्या ऑनलाइन शिक्षकाबरोबर आठवड्याला एक तास घेऊन होतं. आणि ते एकदा वाकडं बसलं की वर्षभर तिकडं राहून पण सरळ होत नाही, वीस वर्षं बीजिंगमध्ये काढलेली माणसं बघितलीत मी, घडाघडा बोलतात आणि सगळे स्वर एका पातळीत.

स्वराची गंमत नवख्याला वाटते तेवढी लांबची नसते. एकदा छोट्या खानावळीत मी मीठ मागितलं, यान, दुसरा स्वर, आवाज वर चढवायचा. मी म्हटलं पहिल्या स्वरात, सपाट, ती झाली सिगारेट. मालकानं अतिशय गंभीरपणे शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवलं. माय् तिसऱ्या स्वरात म्हणजे विकत घेणे आणि चौथ्यात म्हणजे विकणे, आता तू कंपनीच्या मीटिंगमध्ये दुभाषी म्हणून बसलास तर विचार कर.

इथं मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळाल्यात आणि आपण त्या वापरत नाही म्हणून माझी चिडचिड होते. चायनीज रोमन लिपीत लिहितात त्याला पिनयिन म्हणतात, आणि आपण ते इंग्लिशसारखं वाचतो, तिथंच घात होतो. इंग्लिशमधल्या बी अक्षराचा पिनयिनमधला आवाज आपला प आहे, आणि पीचा फ, तोही ओठ मिटून म्हटलेला जुन्या माणसांचा फ, हल्ली आपण फळाला दात लावून म्हणतो तो नाही. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून बीजिंग हे कानाला पेय्-चिंग आणि तैपेई हे थाय्-पेय्. इंग्लिश बोलणाऱ्याला प आणि फ मधला फरक महिनाभर ऐकू येत नाही, तुला पहिलीपासून येतोय. पुढं जाऊन बघ, आपल्याकडं दोन च आहेत, चमच्यातला आणि चहातला. पिनयिनमधला झेड म्हणजे चमच्यातला च, आणि जे म्हणजे साधारण चहातला. हिंदीवाल्यांना तो पहिला मुळातून शिकावा लागतो. झेडला एच जोडला की तोच च पण जीभ ट म्हणताना वळते तशी वळवून. वहीत पिनयिनच्या खाली एकदा देवनागरीत लिहून काढ, महिनाभर तसं वाच, मग सोडून दे. तोंड गोल करून 'ई' म्हणायचा तो एक आवाज आणि चमच्यातल्या चचं ह मिसळलेलं रूप, हे दोन मात्र आपल्याकडं नाहीत, त्यांना घाम गाळावा लागेल.

व्याकरणात पण तेच. बीजिंगचे लोक 'आपण'ला त्सानमन आणि 'आम्ही'ला वोमन म्हणतात, समोरचा माणूस त्यात धरलाय की नाही यावर. इंग्लिश आणि हिंदीत हा भेद नाही, माझ्या वर्गातले अमेरिकन त्यावर तक्ते काढत बसायचे आणि मी मनात म्हणायचे, अरे आपण जेवू या आणि आम्ही जेवतो, एवढंच तर आहे. आणि तो 'ल' प्रत्यय, ज्यावर लोक कोर्सच्या कोर्स घालवतात कारण त्यांना तो भूतकाळ वाटतो. आई हाक मारते तेव्हा तू जागचा न हलता 'आलो आलो!' ओरडतोस ना? चायनीज वेटर पण किचनमधून तेच ओरडतो, 'लाय् ल, लाय् ल!' निघताना आपण 'चाललो मी' म्हणतो, ते म्हणतात 'वो त्सोउ ल'. झालेलं नसतं काहीच, पण झालंच म्हणून सांगतो. प्रत्येक ठिकाणी हे जुळत नाही, पण 'ल' दिसला की आधी मराठीतून विचार कर, इंग्लिशमधून नको. माझ्या शिक्षिकेला मी इतक्या लवकर कसं समजलं याचं आश्चर्य वाटायचं, मी आईचं नाव सांगितलं.

शहर कुठलं, हे परिस्थितीवर आहे. तुझं काम कारखान्यातलं, समोर येणारे इंजिनिअर मेनलँडचे, म्हणजे तैवान सोडून मुख्य चीनचे, अक्षरं सोपी केलेली वापरणारे, तेव्हा तुला मेनलँड जास्त सोयीचं. तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची अक्षरं आणि उच्चारासाठी पिनयिनऐवजी 37 चिन्हांची वेगळी पद्धत. पण तैवानचे वर्ग बहुतेक ठिकाणी लहान असतात आणि लोक परक्याशी निवांत बोलतात, ज्याला माणसांत मिसळायची भीती वाटते त्याला मी तैवान सांगते, अक्षरांचं नंतर दोन महिन्यांत जुळतं. मेनलँडमध्ये जाणार असशील आणि थंडी सोसत असेल तर हार्बिनसारखं उत्तरेचं शहर बघ. तिथली बोली पुस्तकी उच्चाराला जवळ आणि रस्त्यावर इंग्लिश फारसं नाही, हिवाळ्यात उणे पंचवीस वगैरे सहज, ते नाशिकच्या थंडीच्या हिशोबात धरू नकोस. शांघायला किंवा ग्वांगचोउला म्हातारी माणसं आपापसात वेगळीच भाषा बोलतात, कानावर पडेल ते उपयोगाचं असेलच असं नाही.

पैशांचं बोलायचं तर मेनलँडच्या साध्या युनिव्हर्सिटी कोर्सची फी माझ्या वेळी सेमिस्टरला दहा-बारा हजार युआन होती. तैवान सरकारची हुआयू स्कॉलरशिप बघच, दोन महिन्यांच्या उन्हाळ्यापासून वर्षापर्यंत मिळते, अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि 2024 पासून त्यांचं केंद्र मुंबईत पण आहे, विचारायला दिल्लीला फोन नको. चीनचा व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर एक्स-वन लागतो आणि पोचल्यावर 30 दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिट काढायचं, ते विसरू नकोस. आणि घरच्यांशी बोलण्याचं आधीच ठरव. तिकडं व्हॉट्सॲप चालत नाही आणि जे वीचॅट तिकडं सगळ्याला लागतं त्यावर आपल्याकडं जून 2020 पासून बंदी आहे. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलं की व्हॉट्सॲप चालतं, महाग पडतं, म्हणून आठवड्याला दोन ठरलेले फोन. खरं सांगू, माझ्या भाषेला त्या कडकीनं फार मदत केली. आईला नाही आवडलं.

म्हातारी माणसं भेटली आणि भारतातून आलोय म्हटलं की अजून काही जण डॉक्टर कोटणीसांचं नाव काढतात, त्यांच्या चायनीज नावानं, ख ती-हुआ. आपले सोलापूरचे, 1938 ला वैद्यकीय पथकातून गेले, तिकडची भाषा शिकले, तिकडंच लग्न केलं आणि 1942 ला तिकडंच गेले. हे ऐकल्यावर नुसतं 'हो हो' करून गप्प बसू नकोस. सोलापूर कुठं, तुझ्या घरापासून किती लांब, तुम्ही शाळेत काय शिकलात, असं पाच मिनिटं बोलता येईल एवढं आधी तयार करून ने, माझे निदान दहा-बारा लांबलचक संवाद त्या एका नावावरून सुरू झालेत, त्यातला एक टॅक्सीत, मीटर बंद करून.

मग तुझ्या जागी मी काय केलं असतं? नोकरी आत्ता सोडली नसती. वर्षभर इथं चौथी लेव्हल आणि उच्चार, कंपनीत चायनीज इंजिनिअर आले की दुभाष्याशेजारी मुद्दाम बसायचं (आम्हाला चालतं, उलट बरं वाटतं). मग पुढच्या उन्हाळ्यात बिनपगारी सुट्टी मिळाली तर आठ आठवड्यांचा सहीवाला कोर्स. आणि वर्षभराचा विचार त्यानंतर, तो करायचा की नाही हे त्या आठ आठवड्यांत तुझं तुलाच कळेल. पण कंपनी सुट्टी देणारच नसेल, किंवा स्कॉलरशिप वर्षाचीच मिळाली, तर वर्ष घे, बिनधास्त घे, फक्त आपल्या लोकांच्या मजल्यावर राहू नकोस आणि प्लेसमेंट टेस्टनंतर हट्टानं वरच्या वर्गात जाऊ नकोस. मी गेले होते, वाचता यायचं म्हणून, बोलायला वर्गात सगळ्यात मागं. आणि परत आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत जो आठवड्याला तीन-चार तास बोलायचं ठेवत नाही त्याचं सगळं फार पटकन गळतं, ऑनलाइन शिक्षक तिकडून येतानाच ठरवून ये.

राहिलं व्हेजचं. तैवानमध्ये बौद्ध पद्धतीची शाकाहारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, काही अडचण नाही, फक्त अंडं-दूध-कांदा-लसूण याचे प्रकार वेगळे असतात ते विचारायचं. मेनलँडमध्ये 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, एवढ्यावर भागत नाही, भाजीवर खिमा भुरभुरलेला किंवा रस्सा हाडांचा असू शकतो, तेव्हा 'मांस नको, मांसाचं पाणी पण नको' असं पूर्ण वाक्य पाठ करून जा, ते पहिलं वाक्य असू दे. अंडं खात असशील तर टोमॅटो-अंड्याची भाजी कुठंही मिळते. नाहीतर थूतोउ-स्स माग, बटाटा काडीसारखा बारीक चिरून परततात, थोडं व्हिनेगर, सुक्या मिरच्या, आपल्या काचऱ्यांची चुलत बहीण. फक्त तैवानला गेलास तर थूतोउ म्हणू नकोस, तिथं त्याचा अर्थ शेंगदाणे.